आकडा पळतोय

"ताई, हा आकडा पळतोय बघा. म्हणजे आत कोणतरी बसून बदलतंय."

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये एका काकांनी माझ्यासमोर फोन धरून हे म्हटलं त्याला आता दोन महिने होतील, तरी डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी पुण्यात एका छोट्या स्टार्टअपमध्ये डिझायनर आहे. आम्ही नऊ जण, त्यात डिझायनर मी एकटी. लोकांना वाटतं डिझायनर म्हणजे रंग निवडणारी, पण अशा कंपनीत गुंतवणूकदाराला दाखवायचा डेक, म्हणजे स्लाइड्स, मीच करते, प्रदर्शनातला स्टँडी मीच, दिवाळीचं शुभेच्छापत्र मीच, आणि यातून वेळ उरला तर प्रॉडक्ट. आमचं प्रॉडक्ट म्हणजे शेतकऱ्याची पट्टी. माल अडत्याच्या गाळ्यावर विकला गेला की किती कॅरेट (मालाचे क्रेट), काय भाव, हमाली-तोलाई-गाडीभाडं किती कापलं आणि हातात काय पडणार, हे सगळं एसएमएसमधल्या लिंकवर उघडतं. ॲप टाकावं लागत नाही. ही आयडिया फार चांगली आहे असं मला आजही वाटतं, कारण माझ्या मामाच्या घरी पट्ट्यांची अख्खी पिशवी खुंटीला टांगलेली असायची आणि वर्षाच्या शेवटी त्यातल्या निम्म्या ओल लागून वाचता यायच्या नाहीत.

पहिलं पान आमच्या डेव्हलपरने एका दुपारी बनवलं होतं. पांढरं पान, काळ्या रेघा, साधं टेबल. दिसायला काहीच नाही, पण दीड वर्ष चाललं. मग फंडिंगची बोलणी सुरू झाली आणि फाउंडर म्हणाला, हे जुनाट वाटतंय, मॉडर्न कर. सोबत पाच लिंका, सगळ्या अमेरिकेतल्या पैशांच्या ॲपच्या. काचेसारखी कार्डं, मागे एकमेकांत मिसळत जाणारे रंग, बारीक फॉन्ट, फिकट राखाडी अक्षरं आणि रक्कम शून्यापासून भराभर वर चढत जाते ते ॲनिमेशन. आमच्या स्टार्टअपच्या जगात ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं ते, असाच येतो. काय अडतंय, कोणाचं अडतंय हे कोणी सांगत नाही, दुसऱ्याचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि दोन आठवडे देतात.

मी ते मनापासून केलं, हेही सांगते. ट्रेंड मला आवडतात. २०१३ मध्ये आयफोनवर आयओएस ७ आलं आणि आयकॉनवरचं चामडं, लाकूड, सावल्या सगळं एका रात्रीत गेलं तेव्हा मी कॉलेजात होते, आम्ही वेड्यासारखे त्यावर बोलायचो. पुढच्या वर्षी गुगलची मटेरियल डिझाइन ही शैली आली, २०२० च्या आसपास काचेसारख्या स्क्रीनची लाट आली, आणि २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने लिक्विड ग्लास नावाचं काचेसारखं रूप दाखवलं. त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत अशी इतकी ओरड झाली की पुढच्या एका अपडेटमध्ये काच कमी पारदर्शक करायचा पर्याय त्यांना द्यावा लागला. ॲपललाही मागे यावं लागलं तर आपण आधीच विचार करायला हवा होता, हे मला आज सुचतं. तेव्हा डेमोची तारीख डोक्यावर होती.

माझी स्वतःची एक भर होती ती म्हणजे देवनागरी आकडे. जुन्या पानावर इंग्रजी होते. म्हटलं शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे, तो त्याच्या लिपीत हवा. त्यासाठी मी डेव्हलपरशी भांडले. त्या अमेरिकन टेम्प्लेटमध्ये ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची असते, त्यात आपल्या लिपीचा वरचा रफार आणि खालचा ऊकार कापला जातो, पहिल्या बिल्डमध्ये 'एकूण'चं 'एकण' झालं होतं. ते सगळं मी एकेका स्क्रीनवर बसून दुरुस्त करून घेतलं. मराठीत इंटरफेस करणारे बरेचसे लोक ही मेहनत घेतच नाहीत, शेवटी भाषांतर चिकटवतात आणि मोकळे होतात. मी घेतली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

नवं पान लाइव्ह झाल्यावर तिसऱ्या दिवशी एका गाळ्यावरून फोन आला, तुमचं पान बंद करा, इथे भांडणं लागतायत. फाउंडर म्हणाला सपोर्टवाला मुलगा बघेल. मी म्हटलं मी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने गेले.

मे महिना, अकरा वाजलेले. गाळ्याबाहेर पिकअपची रांग, कॅरेटच्या थप्प्या, लिलावाचा ओरडा, हमाल तुमच्या अंगावरूनच जातात. हे काका आदल्या दिवशीच्या पट्टीवरून गाळ्याचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींशी भांडत होते. ८४ कॅरेट आणले होते, त्यांचं म्हणणं होतं भाव १९० फुटला होता, मी कानाने ऐकलं, आणि फोनवर ११० दाखवताय, दरोडा घालताय काय. दिवाणजी वही पुढे करून सांगत होते, काका १९०च आहे. काका वहीकडे बघायला तयार नव्हते, कारण वही गाळ्याची आणि फोन त्यांचा.

मी त्यांचा फोन हातात घेतला आणि मला पोटात कसंतरी झालं. पानावर १९०च होतं. पण सर्वात बारीक रेघेच्या फॉन्टमध्ये, फिकट राखाडीत, उन्हात. देवनागरी १ आणि ९ मध्ये फरक काय, तर एक छोटं वळण. बारीक रेघेत ते वळण केसाएवढं राहतं, आणि स्क्रीनगार्डला नेमका तिथेच तडा गेला होता. मलाही ते ११० दिसलं. चष्मा न लागणाऱ्या, त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या मला.

मग एकूण रक्कम बघितली असती तर कळलं असतं ना? ८४ गुणिले १९० म्हणजे १५,९६०. ती वर काचेच्या कार्डावर पांढऱ्या अक्षरात होती, उन्हात ते कार्ड नुसता चकाकणारा चौकोन. आणि काका सावलीत गेले तर ॲनिमेशन. माझ्या टेबलावरच्या फोनमध्ये ते एका सेकंदात संपायचं, त्यांच्या जुन्या हँडसेटवर आकडा अडखळत चढत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुटायचा. तेव्हाच ते म्हणाले, आकडा पळतोय. डेमोमध्ये याच ॲनिमेशनला टाळ्या पडल्या होत्या. पण बाजारात पैशाचा आकडा नजरेसमोर हलला तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि काकांनी तो बरोबर काढला.

कपातीचा तपशील मी एका छोट्या बाणाखाली मिटवून ठेवला होता, पान मोकळं दिसावं म्हणून. त्यांना म्हटलं इथे दाबा. टोमॅटो तोडून तोडून बोटांवर हिरवट काळा थर बसलेला असतो, तो धुऊनही जात नाही, त्या बोटाला तो बाण चार वेळा दाबूनही लागला नाही. "काहीतरी लपवलंय म्हणूनच उघडत नाही," काका म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, शेजारच्याला.

शेवटी दिवाणजींनी कार्बन घालून कागदी पट्टी लिहिली. जाड बॉलपेनने. ८४, १९०, खाली हमाली, तोलाई, भाडं, निव्वळ रक्कम. काकांनी ती वाचली, एकदा मान हलवली, चार घड्या करून खिशात टाकली आणि मला म्हणाले, "ताई, राग तुमच्यावर नाही. चहा घेऊन जा." मी काही बोलू शकले नाही. चहा मात्र घेतला.

रात्री घरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक, तपासला. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवा असा वेब ॲक्सेसिबिलिटीचा नियम आहे, माझा राखाडी २.८५ वर होता. तपासायला दहा सेकंद लागतात, आणि दोन आठवड्यांत ते दहा सेकंद मी काढले नव्हते.

ऑफिसमध्ये मी सगळं सांगितलं. फाउंडर माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं, आणि म्हणाला मग गुंतवणूकदारांसाठी हे ठेवू आणि शेतकऱ्यांसाठी जुनं. मला याचा फार राग आला, अजूनही आहे. प्रवाशांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तिघा संस्थापकांपैकी दोघे डिझायनर, ही गोष्ट तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. ते दोघे सुरुवातीच्या दिवसांत न्यूयॉर्कला यजमानांच्या घरी स्वतः कॅमेरा घेऊन गेले होते, हे तो सांगत नाही. दीड वर्षात बाजारात जाणारी आमच्यातली मी पहिली, आणि तेही भांडण झाल्यावर.

दुरुस्त केलेलं पान आता लाइव्ह झालंय. भाव आणि निव्वळ रक्कम ठळक काळी, कपात उघडी, ॲनिमेशन नाही, पूर्ण ओळ दाबली तरी चालते. आकडे मात्र पुन्हा इंग्रजी झाले. डेव्हलपर म्हणाला, फोन नंबर सगळे इंग्रजीतच वाचतात, धोका कशाला घ्यायचा, आणि यावेळी भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पण मी त्या कागदी पट्टीचा फोटो काढून आणलाय. त्यात दिवाणजींचे १ आणि ९ देवनागरीच आहेत, आणि काकांनी ते भर उन्हात एका नजरेत वाचले. त्यांचा १ उभट आहे, शेपूट सरळ खाली. ९ ला डावीकडे भरदार पोट आहे आणि तो शेजारच्या आकड्यापेक्षा जरा मोठाच काढलाय, मुद्दाम, वर्षानुवर्षं भांडणं टाळायला काढत आले असतील तसा. गेल्या आठवड्यात दिवाणजींना फोन केला होता. म्हणाले पान आता बरं आहे, तक्रार नाही, ते काका माल आणतात, पण लिंक उघडत नाहीत, कागदच मागतात.

फोटो मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय. रोज थोडा वेळ काढून त्या ९ वरून रेघ गिरवतेय, स्क्रीनवर १६ पिक्सेलच्या आकारात तो कसा दिसेल ते बघतेय.