ताडोबा, मे महिना आणि दोन लहान मुलं

"मे महिन्यात चंद्रपूर? आणि तेही मुलांना घेऊन?" निघायच्या आधी पंधरा दिवस मी हे रोज ऐकत होते. सासूबाईंनी विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, थोरलीच्या वर्गातल्या मुलींच्या आयांनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. त्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. थोरली आठ वर्षांची, धाकटा चारचा. आणि आम्ही ठाण्याचे, म्हणजे घामाची सवय असलेले; कोरड्या उन्हाची नाही.

पण जंगल बघायचं तर याच दिवसांत. सागाची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे एरवी पाच पावलांवर थांबणारी नजर खोलवर जाते. नाले कोरडे पडतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर दिवसातून केव्हातरी सगळ्यांनाच यावं लागतं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंदच असतं. दिवाळीत जंगल सुंदर दिसतं खरं, पण गवत उंच असतं, पाणी जागोजागी असतं, आणि चार वर्षांच्या मुलाला "तिथे होतं, आता गेलं" हे किती वेळा सांगणार? शाळेची सुट्टी, गळलेली पानं, आटलेलं पाणी, हे सगळं मे महिन्यातच जुळून येतं. मात्र नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधी, साधारण २५ मेच्या आत परत यायचं, एवढं पक्कं ठरवलं होतं.

संध्याकाळी ठाण्याला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी नागपूरला उतरलो. फलाटावर पाय ठेवताच तोंडावर भट्टीचा झोत यावा तशी हवा आली. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले (मुलांच्या पोह्यांवर तर्री नाही, नुसती शेव) आणि गाडीनं जाम, वरोरा, भद्रावती करत ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीला पोचलो. साधारण दीडशे किलोमीटर. वरोऱ्यापासून पुढे कोळशाच्या खाणींचा मुलूख लागतो. भरलेले ट्रक, कडेच्या झाडांवर काळी धूळ. भद्रावती मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली आणि धाकट्यानं विचारलं, "आता वाघाचं घर सुरू झालं का?" झालंच होतं. बफरमध्येही वाघ असतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतीचं बफर जवळजवळ ११०० चौरस किलोमीटर. त्या बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत. हे मला आकड्यांत ठाऊक होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय, ते परत निघताना कळलं.

जंगलात जाण्याआधीची तयारी मी मनापासून केली होती आणि ती उपयोगी पडली, म्हणून सांगते. मुलांना पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे सुती कपडे. प्रत्येकाला एक मोठा पंचा. तो ओला करून डोक्यावरून मानेवर घ्यायचा. साखर-मीठ-पाणी, कैरीचं पन्हं थर्मासमध्ये, आणि तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट. ओळखपत्रं मूळ हवीत. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं, ते बघूनच तिकिटं काढायची. आणि मोबाइल आत नेता येत नाही. हा नियम मला सगळ्यात आवडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मुलं स्वतःहून उठली. घरी शाळेसाठी उठवताना काय होतं ते आठवून मी गप्प राहिले. गेटवर जिप्सींची रांग होती, अजून अंधारच होता, आणि आमच्या गाडीत पुढे येऊन बसल्या त्या एक गाइड ताई. खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण, केस घट्ट बांधलेले. जवळच्याच गावातल्या. त्यांनी वळून दोघांकडे नीट पाहिलं आणि थोरलीला सांगितलं, "बेटा, उजवी बाजू तुझी." मग धाकट्याला, "बाबू, तू कान उघडे ठेवजो. अन् बोलायचं नाही हं. आपण बोललो का जंगल बोलत नाही."

त्यानं तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि पुढचा अर्धा तास खरंच काढले नाहीत.

मोहर्लीहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं दगडी खांब उभे आहेत, ठरावीक अंतरावर. गोंड राजांच्या काळचे, असं सांगतात. राजाची स्वारी निघाली की खांबांवरून ओवलेली दोरी ओढून घंटा वाजवत निरोप पुढे पोचवायचे. थोरलीला त्या खांबांनी झपाटलं. वाघ बाजूला राहिला आणि ती खांब मोजायला लागली. मग गुळगुळीत पांढऱ्या खोडाचं झाड आलं, निष्पर्ण, पहाटेच्या उजेडात उभं राहिलेल्या माणसासारखं. ताईंनी हळूच सांगितलं, "ह्याला भुत्या म्हणतात." धाकट्यानं तोंडावरचा एक हात काढून माझा दंड धरला.

त्या सकाळी वाघ दिसला नाही. दिसले ते रानगवे, सात-आठ, बांबूच्या बेटातून एकेक करून रस्ता ओलांडताना. हजार किलोच्या घरातलं ते जनावर आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे चारही पाय. मागच्या पिल्लाला अजून मोजे आलेले नव्हते. नाल्यातल्या अर्जुनाच्या झाडावर वानरं होती, खाली चितळांचा कळप. वानरं पानं खुडून अर्धी खातात, अर्धी खाली टाकतात, ती चितळं खातात. त्या बदल्यात वानर वरून पहारा देतं. एक फुललेला बहावा होता, पूर्ण पिवळा, बाकी सगळं जंगल तपकिरी असताना. आम्ही त्याच्याखाली दोन मिनिटं थांबलो, तेही कुणी न सांगता. बाहेर पडताना समोरून येणाऱ्या एका गाडीतल्या गृहस्थांनी विचारलं, "काही दिसलं का?" थोरली म्हणाली, "हो, खूप." त्यांनी पुढे "वाघ?" म्हटल्यावर ती जरा हिरमुसली. मला ते लागलं. इतकं सगळं पाहून आलेल्या मुलीला तिनं काहीच पाहिलेलं नाही असं वाटावं, हे बरोबर नाही.

दुपारी अकरानंतर बाहेर पडायची सोयच नसते. खोलीतला कूलर वाळ्याच्या ताट्यांचा होता, त्याचा ओला सुवास अजून नाकात आहे. जेवायला भाकरी, पाटवडीची रस्सा-भाजी (मुलांना बिनतिखटाची वेगळी करून दिली) आणि पन्हं. ऊन कलायला लागल्यावर धाकटा ओट्याच्या सावलीत बसून राहिला होता. जाऊन पाहिलं तर भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक किडा दडून बसलेला असतो. मुंगी काठावरून घसरली की तो खालून माती उडवतो, मुंगी आणखी खाली येते, आणि दोन नांग्या तिला धरतात. त्यानं हे सगळं स्वतः शोधलं होतं. मला पाहताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "आई, बोलू नको. तो शिकार करतोय."

दुपारच्या फेरीत ताईंनी गाडी फिरवली नाही. एका पाणवठ्याजवळ, तेंदूच्या झाडाच्या विरळ सावलीत गाडी लावली आणि म्हणाल्या, "आता बसू." बसलो. तासभर काहीही घडलं नाही, असं घड्याळ म्हणेल. एक मोर आला, पाणी प्यायला, गेला. एक रानडुक्कर चिखलात लोळून गेलं. समोरच्या फांदीवर सर्पगरुड बसून होता, तो हललाच नाही. पंचे सुकत होते, आम्ही पुन्हा ओले करत होतो. धाकट्याचं डोकं हळूहळू माझ्या मांडीवर आलं आणि तो झोपला.

मग डावीकडून सांबराचा आवाज आला. एकदाच. रिकाम्या पिंपावर कुणी थाप मारावी तसा, खणखणीत आणि खोल. ताईंची पाठ ताठ झाली. "कॉल आहे." म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा. चितळ ओरडलं की कधीकधी फसगत होते, ते कशालाही बिचकतं. सांबर उगाच ओरडत नाही. पुन्हा आवाज आला, या वेळी जवळून. वानरं खॉक खॉक करायला लागली. थोरलीनं माझा हात इतका दाबला की नखं रुतली.

वाघीण आली तेव्हा पानांचा आवाज झाला नाही. इतका वाळका पाचोळा, त्यावरून मुंगूस गेलं तरी ऐकू येतं, आणि ही एवढी मोठी वाघीण आवाज न करता आली. पाण्याच्या काठाशी थांबली, वळली आणि उलटी, मागचे पाय आधी घालत, पाण्यात बसली. गळ्यापर्यंत नाही, पोट बुडेल इतकीच. थोरलीनं श्वासाच्या आवाजात विचारलं, "उलटी का?" ताई तितक्याच हळू म्हणाल्या, "तोंडावर पाणी उडालेलं तिला आवडत नाही."

आणि माझ्या मांडीवर धाकटा गाढ झोपलेला. नवऱ्यानं खुणेनंच विचारलं, उठवू? माझं मन इतकं ओढ घेत होतं. ज्याच्यासाठी हजार किलोमीटर आलो, तो वीस हातांवर असताना पोराला झोपू द्यायचं? पण अर्धवट झोपेतून उठलेलं मूल रडतं, हे मला माहीत होतं. थोरलीनं माझ्याआधी ठरवलं. तिनं बाबाकडे बघून मान हलवली. नको. आम्ही त्याला झोपू दिलं.

पाच-सात मिनिटं ती जागा आमची आणि तिचीच होती. मग बातमी कशी पसरते कोण जाणे, एकापाठोपाठ एक जिप्सी आल्या. आठ झाल्या, नऊ झाल्या. एकमेकींच्या पुढे घुसायला लागल्या, इंजिनं घुरघुरली, कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. वाघीण उठली, पाणी झटकलं आणि तिच्या वाटेवरचा कोपरा गाड्यांनी अडवलेला पाहून क्षणभर थांबली. आमच्या ताईंनी लगेच ड्रायव्हरदादांना गाडी मागे घ्यायला सांगितली. आम्हाला ती दिसेनाशी झाली, पण तिला जायला वाट झाली. त्या एका निर्णयासाठी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. जनावर थबकलं की मागे सरायचं, हा नियम कागदावर नको, प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक माणसाच्या अंगात मुरायला हवा. आणि त्यासाठी गाइडवर ओरडणारे, "अजून पुढे घ्या" म्हणणारे आपणच पर्यटक आधी बदलायला हवेत.

गेटजवळ धाकटा जागा झाला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "तिनं मला पाहिलं का?" थोरली म्हणाली, "हो. तुझ्याकडेच बघत होती." तो समाधानानं पन्हं प्यायला.

तिसऱ्या दिवशीच्या सकाळी ताडोबा तलाव पाहिला. काठावर एक मगर दगडासारखी पडून होती, शेजारी वंचक बगळा उभा. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी लढताना तो मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. पौषात आदिवासी भाविकांची तिथे जत्रा भरते. १९५५ साली इथलं राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं; त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं आणि वाघ इथे एकमेकांना ओळखून आहेत. गोष्ट ऐकून थोरलीनं ताईंना विचारलं, "आता पण वाघ माणसांना मारतो?"

ताईंनी प्रश्न टाळला नाही. "हव बेटा. होते कधी कधी." मग त्या तेंदूपत्त्याबद्दल बोलल्या. मे महिना म्हणजे पानं तोडायचे दिवस. विडीला लागतात ती ही पानं. बफरमधल्या गावांतली घरंच्या घरं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, नेऊन देतात. थोड्या दिवसांचं काम, पण वर्षाच्या खर्चाला मोठा आधार. आणि पान तोडायला वाकलेला माणूस झुडपात दिसत नाही. वाघाला तो माणूस वाटतच नाही. त्यांची स्वतःची सासू आणि जाऊ त्या आठवड्यात रोज पहाटे जात होत्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना जी. म्हणून एकटं कोणी जात नाही. घोळक्यानं जातो, मोठमोठ्यानं बोलत जातो. आवाज आला का तो बाजूला होते."

थोरली बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "म्हणजे आपण बोलायचं नाही, आणि त्यांनी बोलायचंच." मी हो म्हटलं. त्यापुढे मला काही सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी ऊन चढायच्या आत नागपूर गाठायचं म्हणून साडेपाचलाच निघालो. भद्रावतीच्या रस्त्याला लागलो, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कडेला चार-पाच सायकली झाडांना टेकवून ठेवलेल्या दिसल्या, एका हँडलला पाण्याची कॅन अडकवलेली. माणूस कुणी नाही. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली आणि काच खाली केली. आतून, झाडीतून बायकांचे आवाज येत होते. एकीनं दुसरीला हाक दिली, तिनं लांबवर ओ दिली, मग कुणीतरी हसलं, मग पुन्हा हाक.

तीन दिवस तोंडावर हात ठेवून बसलेल्या धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं खिडकीत तोंड घालून छातीतला सगळा जोर लावून आरोळी दिली, "ओऽऽऽ!"

क्षणभर शांत. मग झाडीतून, एका वेळी तीन-चार गळ्यांतून, उत्तर आलं.

"ओऽऽऽ!"