किडनी ट्रान्सप्लांटनंतरचा खोकला, माझा अनुभव

माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, किडनी मायनं दिली. सुरुवातीला टॅक्रोलिमस चालू होतं, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध, पण क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला की किडनीचं काम कमी झालं समजायचं) चढायला लागलं आणि बायोप्सीत त्या औषधाचाच किडनीवर परिणाम दिसला म्हणून डॉक्टरांनी बदलून त्याच कामाचं दुसरं औषध, सिरोलिमस दिलं. काही महिने चांगले गेले. मग कोरडा खोकला लागला, बेडका नाही काही नाही, संध्याकाळी कणकण आणि जिना चढला की दम.

आमच्याकडं परभणीत असा खोकला म्हणलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा नाही, आपली प्रतिकारशक्ती औषधानं मुद्दाम कमी केलेली असते. इथल्या डॉक्टरांच्या अँटिबायोटिकनं फरक पडेना, तेव्हा ते म्हणले अंदाजानं टीबीच्या गोळ्या सुरू करू. मी आधी संभाजीनगरला किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, लई बरं झालं, कारण टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन आपल्या गोळ्यांची रक्तातली लेव्हल एकदम पाडतं आणि किडनी रिजेक्ट व्हायची भीती असते. किडनीचे डॉक्टर म्हणले नवी गोळी घेऊ नका, जुनी बंद करू नका, निघून या.

सीटी स्कॅनमधे दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला धुरकट डाग. मग ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे फुप्फुसात बारीक नळी घालून तपासणी. घसा सुन्न करतात तरी उबळ येतेच, नळीतून फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत ओढून घेतात आणि ते तपासतात. भीती वाटते पण ही टेस्ट टाळू नका. त्या पाण्यात टीबी, बुरशी, सीएमव्ही नावाचा विषाणू, न्यूमोनिया करणारी न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी सगळं शोधलं, काहीच सापडलं नाही, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तेवढ्या वाढलेल्या. ही फुप्फुसाची सूज सिरोलिमसची, डॉक्टर म्हणले, त्याच जातीच्या एव्हरोलिमसनंही येते. पण खात्रीची अशी एकच टेस्ट नाही, बाकीचं एकेक बाद करत इथं यावं लागतं, त्यामुळं रिपोर्टची वाट बघण्यातच जीव टांगणीला लागतो.

सिरोलिमस थांबवलं, टॅक्रोलिमस कमी डोसनं परत आलं, स्टिरॉइड काही दिवस वाढवलं. ताप लवकर गेला, खोकला हळूहळू, सीटी साफ व्हायला मात्र महिने लागले. माय रोज एकच विचारायची, किडनीला काही झालं नाही ना रे. टिकली किडनी.

कुणाला असा खोकला लागला तर छातीच्या डॉक्टरांकडं जाताना सगळ्या गोळ्यांची नावं, कोणती कधी बदलली, शेवटची लेव्हल किती, हे लिहून न्या आणि गोळीनं होत असेल का हे स्वतःहून विचारा. लेव्हलचं रक्त द्यायचं असेल तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या.