वशिला

अटलांटातल्या क्लार्क अटलांटा युनिव्हर्सिटीत ट्रेव्हर आर्नेट हॉल नावाची जुनी इमारत आहे, पूर्वी तिथे ग्रंथालय होतं. तिथे भिंतींवर वरच्या अंगाला कृष्णवर्णीय चित्रकार हेल वुडरफ यांची सहा मोठी चित्रं आहेत, १९५०-५१ च्या सुमाराची. मी एका विद्यार्थिनीची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक आहे, आणि महिन्यातून एकदा तिला तिथेच भेटते. ती कृष्णवर्णीय आहे, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला कलासंग्रहालयाची संचालक व्हायचं आहे. मी एका संग्रहालयात रजिस्ट्रार आहे, म्हणजे कलाकृतींची ये-जा, विमा, नोंदी, करार हे सगळं सांभाळते. दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे ती मला ‘मिस’ लावून नावाने हाक मारते.

मेंटॉर म्हणून तू नक्की काय करतेस, असं आई फोनवर विचारते. मी तिला म्हटलं, वशिला लावते. आई गप्प झाली. आपल्याकडे हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही.

पण मला इथे दुसरा शब्द सापडलेला नाही. कलेला निधी देणाऱ्या मेलन फाउंडेशनने २०१५ साली अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. क्युरेटर (संग्रह आणि प्रदर्शनं ठरवणारे), संवर्धक (कलाकृतींची निगा आणि दुरुस्ती करणारे), शिक्षण विभाग आणि नेतृत्व या जागांवर ८४ टक्के लोक गोरे होते. कृष्णवर्णीय ४ टक्के, लॅटिनो ३, आपण आशियाई ६. गोरे नसलेले कर्मचारी होते, पण बहुतेक सुरक्षा आणि देखभालीत. दालनाच्या दाराशी दिवसभर उभे राहणारे कोण आणि वरच्या मजल्यावर बसणारे कोण, हे इथल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयात तासभर फिरलं तरी दिसतं.

हे असं का होतं, त्याचं एक कारण मी स्वतः जगले आहे. पहिले सहा महिने मी एका संग्रहालयात बिनपगारी इंटर्न होते. घरभाडं नवऱ्याच्या पगारातून जात होतं, म्हणून मला ते परवडलं. जिला कॉलेजची फी भरायला सुट्टीत नोकरी करावी लागते, ती तिथेच गळते. आणि त्या सहा महिन्यांत झालेल्या ओळखींवरच पुढची नोकरी मिळते! म्हणजे वशिला तिथे आधीपासून होताच, फक्त त्याला कुणी वशिला म्हणत नव्हतं. २०१९ मध्ये संग्रहालय संचालकांच्या संघटनेने इंटर्नना पगार द्या, असा ठराव केला. मला विचाराल तर बाकी सगळ्या भाषणांपेक्षा त्या एका ठरावाचं मोल जास्त आहे.

वुडरफ यांची गोष्ट म्हणूनच मला जवळची वाटते. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेत कृष्णवर्णीय चित्रकारांना चित्रं लावायला जागा मिळत नसे. १९४२ मध्ये त्यांनी इथे वार्षिक प्रदर्शन सुरू केलं, ते १९७० पर्यंत चाललं. बक्षीस मिळालेलं चित्र विद्यापीठ विकत घ्यायचं आणि त्यातूनच आजचा संग्रह उभा राहिला. त्याच परिसरातली स्पेलमन, मोअरहाउस आणि क्लार्क अटलांटा ही तिन्ही कॉलेजं आता मिळून कलेचा इतिहास आणि क्युरेटरचं काम शिकवतात. त्यासाठी वॉलमार्टवाल्या वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने ५४ लाख डॉलर दिले.

मी तिला शिकवते त्या गोष्टी पुस्तकात नसतात. चित्राजवळ पेन न्यायचं नाही, पेन्सिलच. विश्वस्तांच्या जेवणाला काय बोलायचं. अर्थसंकल्पात कुठली ओळ आधी वाचायची, कारण संचालकाचा अर्धा दिवस पैसे उभे करण्यात जातो आणि चित्रांवरचं प्रेम तिथे पुरत नाही. तिची आई मात्र काळजीत आहे. यातून पोट भरेल का, हा तिचा प्रश्न. पुण्यात माझ्या बाबांनीही अगदी हेच विचारलं होतं. मी तिच्या आईला थेल्मा गोल्डन यांच्याबद्दल सांगितलं. त्या विद्यार्थिदशेत न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये इंटर्न होत्या आणि २००५ मध्ये त्याच संग्रहालयाच्या संचालक झाल्या.

गेल्या महिन्यात उसन्या आलेल्या एका चित्राची तपासणी करताना मी तिला बाजूला उभं केलं होतं. तिने टॉर्च मागितला, कॅनव्हासला लागून तिरका धरला आणि म्हणाली, “मिस, इथे रंगाचा पापुद्रा उचलला गेलाय.” माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. अहवालात नोंद तिच्याच हाताने झाली.

आता ती उन्हाळ्यातल्या एका पगारी फेलोशिपसाठी अर्ज करते आहे. शिफारसपत्र मी लिहायचं आहे, मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. दुसरा परिच्छेद अजून व्हायचा आहे. त्यात टॉर्चची गोष्ट घालणार आहे.