शेवटचे पाच मिलीग्रॅम

एस्सिटॅलोप्राम हे नैराश्य-चिंतेवरचं औषध वीसवरून दहा आणि दहावरून पाच मिलीग्रॅमवर आणताना फारसं काही झालं नाही. घोळ झाला तो शेवटच्या पाचांचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'दोन आठवडे दिवसाआड, मग बंद.' त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

हे औषध रक्तात निम्म्यावर यायला साधारण 30 तास लागतात. दिवसाआड घेतलं की पुढच्या गोळीपर्यंत पातळी तिसऱ्या हिश्श्यावर घसरते, गोळी पोटात गेली की पुन्हा चढते. याला डोस कमी करणं कसं म्हणायचं? नजर झटकन बाजूला वळवली की डोक्यात वीज सरकल्यासारखं व्हायचं. जोडीला चक्कर, मळमळ, चिडचिड, भलतीच स्वप्नं. त्यावर उत्तर मिळालं, 'आजार उलटलाय.' पण डोस उतरवल्यावर काही दिवसांतच अशी विजेची सणक आली, तर आधी औषध सुटण्याचा त्रास समजावा. आजार उलटतो तो सहसा सावकाश, काही आठवडे किंवा महिने घेऊन. नैराश्यावरचीच पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही औषधं रक्तातून लवकर उतरतात, म्हणून तिथे दिवसाआडचा खेळ आणखी वाईट. त्याच प्रकारचं फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात बरंच रेंगाळतं.

मूळ अडचण अशी की डोस आणि परिणाम यांचं गणित सरळ नाही. पाच मिलीग्रॅमसुद्धा मेंदूतले निम्म्याहून जास्त सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत ओढून घेणारे वाहक, अडवतं. म्हणून वीसवरून दहावर येणं सोपं आणि पाचवरून शून्यावर जाणं म्हणजे कड्यावरून उडी.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं: 4, 3, 2, 1, मग अर्धा, प्रत्येक टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. सुटकेचा श्वास तिथे सोडला. मात्र बाटलीवरचं प्रमाण वाचाच. एका मिलिलिटरमध्ये 1 मिलीग्रॅम असतं, तसंच 20 मिलीग्रॅमही असतं. चमच्याने नाही, सुईविना सिरिंजने मोजायचं. गोळीचे चार तुकडे कधीच सारखे होत नाहीत, आणि 'एक्सआर' (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी तर मोडायचीच नाही.

हो, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्यासोबत हे औषध घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. सोबत आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोस बदलल्यावर जीव द्यावासा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.