तुम्ही विचारलंत म्हणून: पिसाच्या काउंटरवर काय झालं

परवा तर दुसऱ्या रेल्वे गेटला गाड्या थांबलेल्या असताना शेजारच्या स्कूटरवरून प्रश्न आला: "काय ओ, साडूंच्याबरोबर इटलीत भाड्याच्या गाडीवरून काय झालं म्हणे?" विचारणाऱ्याला साडूंची बाजू आधीच माहीत असते. ते कोल्हापूरला असतात, बोलके आहेत, आणि त्यांची गोष्ट कोगनोळीचा टोलनाका ओलांडून माझ्याआधी बेळगावात पोचते. म्हणून माझी बाजू एकदाच सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे, मला गाडी चालवता येते. पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या धुक्यातून गोव्याहून गाडी आणणाऱ्याला टस्कनीतल्या रस्त्यांनी काय घाबरवायचं? तिकडं रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतात, मग हात बसतो. आंतरराष्ट्रीय परवाना जाण्याआधीच काढला होता, १९४९ च्या जिनिव्हा करारातला, वर्षभर चालणारा. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात तर मी गाडी घातलीच नाही. तिथं बिनपरवानगी शिरलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. हे सगळं वाचूनच गेलो होतो.

गाडी घेताना काउंटरवरच्या मुलीला पासपोर्टवर बेळगाव दिसलं आणि परवान्यावर बेळगावी. ही दोन शहरं का, तिने विचारलं. २०१४ चं नामांतर मी समजावत बसलो नाही. एकच, म्हटलं, आणि गप्प बसलो. विमा पूर्ण घेतला. चाकं, रिम, काचा सगळं धरून. एकच खर्च टाळला. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालायला रोजचे वेगळे पैसे मागत होते. साडू म्हणाले, "कशाला उगाच पैसं घालवायचं, पाव्हणं? तुम्हीच चालवा की." हे वाक्य त्यांच्या गोष्टीत नसतं, बघा.

परत द्यायला पिसा विमानतळावर गेलो. एक तरुण पोरगा टॅबलेट घेऊन गाडीभोवती फिरला, खाली बसला, मोबाइलचा टॉर्च लावला. मागच्या उजव्या चाकाच्या रिमवर करंगळीएवढा ओरखडा निघाला. घेतानाच्या नोंदीत तो नव्हता. मी निवांत होतो, विमा होता. पोराने फॉर्म भरता भरता विचारलं, हे कधी झालं? मला कळलं नाही, मी म्हणालो. खोटं नव्हतं त्यात काही. विषय संपत आला होता.

तेवढ्यात साडू पुढे झाले. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, दुर्दैवाने. त्यांनी हसत हसत सांगितलं, "व्होल्तेर्राजवळच्या शेतघरावर हे बॅगा उतरवत होते तेव्हा मीच गाडी जरा मागं घेतली, खाली खडी होती, तेव्हाच लागलं असणार."

पोराचं बोट टॅबलेटवर थांबलं. तुमचं नाव करारात आहे का? नाही, साडू म्हणाले, आनंदाने.

करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली की विम्याचं संरक्षण गेलं. मग चाकं धरली होती की काचा, काही फरक पडत नाही. गाडी देताना माझ्या कार्डावर रक्कम अडवून ठेवलेली होतीच, त्यातून आठशेवर युरो कापायचं ठरलं, वर कागदपत्रांचा खर्च. मी भांडलो. साडूंनी गाडी रस्त्यावर नाही हो चालवली, शेतघराच्या आवारात हलवली, दहा-बारा फूट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, करार माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. खाली माझी सही. बायको म्हणाली, "अहो, विमान." मी आणखी एक सही केली. साडू तोवर त्या पोराला कोल्हापूरला यायचं आमंत्रण देत होते.

खरं सांगायचं तर पैशांचा राग निम्माच. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्या घरात कचेरीत जायची एक रीत आहे. कागद कानडीत असतो. विचारतील तेवढंच सांगायचं, शिक्का घ्यायचा, बाहेर पडायचं. जास्त बोललं की जास्तीचा कागद मागतात. शेताचा उतारा आणायला वडील मला न्यायचे तेव्हा वाटेतच बजावायचे, "आत तू तोंड उघडायचं नाहीस." साडूंना हे कधी शिकावंच लागलं नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनाला ते गाव विचारतात, कुणाची तरी ओळख काढतात, चहा मागवतात, आणि त्यांचं काम होतं! पिसात त्यांनी तेच केलं.

विमानात मी मनातल्या मनात त्यांच्यावर खटला चालवला आणि मुंबई येईपर्यंत जिंकलोही. आता तेवढी खात्री वाटत नाही. ते खरं बोलले. मी गप्प राहून विम्याचा फायदा घेतला असता, तर त्याला काय म्हणायचं? शहाणपण, असं मी तेव्हा म्हटलं असतं. अजूनही म्हणेन बहुतेक. पण दुसरंही एक आहे. खडीवर गाडी मागं घेताना रिम तसा घासत नाही, तो दगडी कठड्याला घासतो. आणि सिएनाच्या पार्किंगमध्ये कठड्याला लागून गाडी लावली होती ती मी. आवाज काही आला नव्हता. म्हणजे साडूंनी न केलेलंच कबूल केलं असेल तर? पण मग, विचारलं नव्हतं तर बोलायचं कशाला?

बायको म्हणते, तुम्हाला पैसे नकोत, ते चुकलो म्हणायला हवेत. बरोबर आहे तिचं. ते म्हणणार नाहीत, कारण त्यांच्या मते ते मला मदत करत होते. निपाणीच्या लग्नात त्यांनी निम्मे पैसे पाकिटात घालून दिले. मी घेतले. घ्यायला नको होते असं मेहुणीचं म्हणणं आहे, तेही मला तिसऱ्याकडून कळलं.

तर भांडण नाही. गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, आता पोर्तुगालला जाऊया, गोवा बघून बघून झाला, मूळ मालकाचं घर बघू. दुसऱ्या चालकाचे पैसे ते भरणार आहेत. मी विचारलं, काउंटरवर कोण बोलणार?

"त्यात काय एवढं, दोघंबी बोलूया की!"

मी अजून हो म्हटलेलं नाही.