जुन्या घराला नवी खोली: खरं काम जोडाचं

घर वाढवायचं ठरलं की घरातला प्रत्येक जण खोल्या मोजायला लागतो. मुलांना एक, सासूसासऱ्यांना तळमजल्यावर एक, अजून एक बाथरूम, जमलंच तर कामाला बसायला एखादा कोपरा. आमच्याकडेही कितीतरी दिवस रोज संध्याकाळी हेच, खोली केवढी, खिडकी कुठे, टाइल्स कोणत्या. आता काम संपत आलंय आणि माझं मत एवढं पक्कं झालंय की कोणी विचारलं नाही तरी सांगते: नवीन खोली बांधणं हे यातलं सोपं काम. नवीन खोली कुठलाही बरा मिस्त्री ओळंब्यात आणि काटकोनात उभी करून देतो. अवघड काय असतं तर ती जिथे जुन्या घराला चिकटते ती रेघ. भेगा तिथे, गळती तिथे, ठेच तिथेच लागते आणि भांडणंही तिथलीच.

सगळ्यात आधी पाया. जुनं घर जमिनीत जेवढं खचायचं तेवढं इतक्या वर्षांत खचून झालेलं असतं, त्याच्या वजनाला खालची माती सरावलेली असते. शेजारी नवीन बांधकाम उभं केलं की त्याच्या वजनाने खालची माती नव्याने दबते. रेताड जमीन असेल तर बरंचसं दबणं बांधकाम चालू असतानाच होऊन जातं, पण चिकणमाती असेल तर ते हळूहळू, वर्षानुवर्षंसुद्धा चालू राहतं, शिवाय ती माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते ते वेगळंच. म्हणजे एक भाग जागेवर स्थिर आणि दुसरा किंचित खाली जातोय, आणि दोघांच्या मधे एकच सलग प्लास्टर. ते फाटणारच.

म्हणून इंजिनियर मॅडमनी पहिलं काम काय केलं तर जुन्या भिंतीलगत पायाच्या तळापर्यंत एक खड्डा खणून घेतला. पाया किती खोल, किती रुंद, दगडाचा की विटांचा, खाली माती कसली, हे सगळं डोळ्यांनी बघितलं. त्यांचं म्हणणं, जुन्या घराचे नकाशे मिळाले तरी जमिनीखाली नक्की काय केलंय ते खणल्याशिवाय कोणी सांगू नये. आणि एक गोष्ट त्यांनी मिस्त्रींना दोनदा बजावली, की नव्या पायासाठी जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल जायचं असेल तर अख्खी लांबी एकदम खणायची नाही, थोडंथोडं खणायचं, तेवढं भरायचं, मग पुढचा तुकडा, नाहीतर जुन्या भिंतीखालची माती घसरून बाहेर येते.

मग प्रश्न आला की नवं आणि जुनं सळयांनी बांधून एकत्र करायचं का मधे सांधा सोडायचा. दोन्ही पद्धती चालतात, कुठली घ्यायची ते माती आणि बांधकाम बघून इंजिनियरनेच ठरवायचं. आमच्याकडे सांधा निघाला, साधारण एक इंचाचा, आत दबेल असं मऊ फिलर, वरून ताणलं जाणारं सीलंट आणि त्यावर एका बाजूलाच स्क्रू केलेली पट्टी. सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. "एवढं बांधायचं आणि मधे मुद्दाम फट ठेवायची?" मिस्त्री हसून म्हणाले, "बाबा, आपण सरळ ठेवली नाही तर घर स्वतः वाकडीतिकडी पाडून घेतं."

जुन्या भिंतीत आधीपासून भेग असेल तर ती जुनी होऊन थांबलीये का अजून वाढतेय हे बघायची एक साधी युक्ती आहे, तीही मॅडमनीच दाखवली. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. भेग हलली तर काच तडकते. प्लास्टर आधीच सुटलेलं असेल तर पट्टी चिकटवून काही उपयोग नाही, म्हणून आधी बोटाच्या पेराने टकटक करून बघायचं, भरीव असेल तर बद्द आवाज येतो आणि सुटलेलं असेल तर लगेच पोकळ वाजतं. माझ्या धाकटीला हा खेळ इतका आवडला की ती घरभर भिंती वाजवत फिरायची, आणि खरं सांगू, बाथरूमच्या मागचा पोकळ भाग तिनेच शोधला.

तो पोकळ भाग खरवडल्यावर आत गंजलेली सळई दिसली. काँक्रीट नवं असताना ते सळईला गंजण्यापासून वाचवतं, पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की ते संरक्षण संपतं, वर ओल असली की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दुपटीपासून सहापटीपर्यंत, म्हणून वरचं काँक्रीट आतून ढकललं जाऊन फुटतं. त्यावर नुसता सिमेंटचा हात मारून रंग देणं म्हणजे वर्षभराची सोय. गंज पूर्ण साफ करायचा, सळई फारच बारीक झाली असेल तर जोडसळई टाकायची, गंजरोधक लावायचं, मग दुरुस्तीचा मॉर्टर. आणि ओल कुठून येते ते बंद केल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही.

वर मजला चढवायचा ज्यांचा विचार असेल त्यांनी तर हे आधी तपासून घ्याच. काँक्रीट वरून किती कणखर आहे ते बघणारी हॅमर टेस्ट, ते आतून पोकळ-भेगाळ आहे का ते ध्वनिलहरींनी बघणारी अल्ट्रासॉनिक टेस्ट, सळया किती आणि कुठे आहेत त्याचं स्कॅनिंग, लागलं तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून काढून. "पाया दणकट आहे, दोन मजले सहज घेईल" हे वाक्य प्रत्येक जुन्या घराबद्दल कोणीतरी म्हणतच असतं आणि बहुतेक वेळा त्या माणसाने पाया बघितलेला नसतो.

आता भिंत पाडणं. छोट्या दोन खोल्या एक करायच्या म्हटलं की सगळे मधल्या भिंतीकडे बघतात. जाडी बघून अंदाज येतो, नऊ इंची असेल तर ती वजन घेत असण्याची शक्यता मोठी आणि साडेचार इंची असेल तर बहुतेक नुसती आडोशाची, पण जुन्या घरात साडेचार इंचीवरही कोणीतरी नंतर माळ्याचं किंवा टाकीचं वजन टेकवलेलं सापडतं, तेव्हा फक्त टेप लावून निर्णय घेऊ नका. वर काय टेकलंय ते बघायचं. वजन घेणारी भिंत काढायची तर आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग बीम, आणि बीमची टोकं जिथे भिंतीवर बसतात तिथे खाली काँक्रीटचा ठोकळा, कारण सगळं वजन आता त्या दोन जागांवर येणार आणि जुन्या विटा तेवढ्याशा जागेत ते झेलतीलच असं नाही.

ड्रेनेजबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय कारण ह्यावर कोणीच बोलत नाही. नवीन बाथरूम कुठे घ्यायचं हे आपण ठरवत नाही, जुना चेंबर, म्हणजे सांडपाण्याचे पाइप जिथे येऊन मिळतात तो जमिनीतला झाकणाचा खड्डा, तो ठरवतो! संडासाच्या चार इंची पाइपला उतार लागतो, ढोबळमानाने चाळीसला एक, म्हणजे दहा मीटर लांब गेलात तर पाइप पंचवीस सेंटिमीटर खाली उतरलेला असणार. आता तुमचा जुना चेंबरच उथळ असेल तर नवा पाइप तिथे पोचेपर्यंत चेंबरच्या तळाच्याही खाली गेलेला असतो, मग पाणी जाणार कुठे? मग एकतर नव्या बाथरूमची जमीन उचला, म्हणजे दारात पायरी आली, नाहीतर चेंबर आणि पुढची सगळी लाइन खोल करा. आमच्या पहिल्या नकाशात बाथरूम मागच्या कोपऱ्यात होतं, छान उजेडाचं वगैरे. लेव्हल लावल्यावर ते मुकाट्याने जुन्या बाथरूमच्या पाठीला पाठ लावून आलं. एकच भिंत, दोन्हीकडे नळ, पाइप कमी, उतार पुरेसा. दिसायला काही खास नाही पण तुंबणार नाही. आणि जिथे नवी लाइन जुन्याला मिळते तिथे उघडता येईल असं झाकण ठेवाच, जमिनीखाली आंधळा जोड देऊ नका.

उजेडाचं गणित पण असंच. जुन्या खोलीच्या बाहेरच्या अंगाला नवी खोली चिकटवली की जुन्या खोलीची खिडकी बंद होते किंवा नव्या खोलीत उघडते, आणि मधली खोली दिवसासुद्धा दिवे लावून बसायची होते. खिडकीतून येणारा कामापुरता उजेड खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच आत जातो, म्हणजे सात फुटांवर वरची कड असेल तर चौदा ते सतरा-अठरा फूट. त्यापुढे अंधारच. आम्ही मधल्या भिंतीत छताजवळ काचेची आडवी पट्टी घेतली आणि नव्या खोलीचं छत जरा उंच ठेवून त्या फरकात खिडक्या बसवल्या, वारा पण वरून निघून जातो. अजून एक, मधल्या खोलीला दारं किती होतात ते मोजा. तीन दारं झाली की ती खोली राहत नाही, रस्ता होतो. कपाट लावायला भिंत उरत नाही आणि कोणी झोपलं असेल तर सगळ्यांनी चवड्यांवर चालायचं.

छताचा जोड हा पाण्याचा आवडता रस्ता. नव्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग जुन्या भिंतीला येऊन नुसतं टेकवून सोडलं तर पहिल्याच मोठ्या पावसात आत ओघळ. ते भिंतीवर किमान सहा इंच वर चढवायचं, कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई द्यायची, वरची कड भिंतीत खाच पाडून आत दाबायची. उतार जुन्या भिंतीपासून लांब, शंभराला एक तरी. आणि मग आउटलेट बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालून छताकडे बघत राहायचं. ही टेस्ट टाइल्स लावायच्या आधी घ्या, कॉन्ट्रॅक्टर कितीही घाईत असला तरी.

वायरिंग थोडक्यात. जुन्या घरात बऱ्याचदा अर्थिंगची तिसरी वायरच नसते आणि काही घरांत वायर ॲल्युमिनियमची असते. तिला नवी तांब्याची वायर पिळून टेप गुंडाळली तर तो जोड सैल होत जातो, गरम होतो आणि आग लागू शकते. सगळं बदलणं शक्य असेल तर बदलाच, नसेल तर नव्या भागाला मेन बोर्डपासून स्वतंत्र लाइन आणि अख्ख्या घराला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. लहान मुलं असलेल्या घरात यावर घासाघीस नको. पाइपचंही तेच, जुन्या गंजक्या लोखंडी पाइपला नवा प्लॅस्टिकचा जोडला की पुढच्या बाजूला प्रेशर काही वाढत नाही, अडलेलं मागेच असतं.

जमिनीची लेव्हल. जुनी फरशी आणि नवी टाइल यात इंचभर फरक राहिला तर "चालतंय की" म्हणू नका. मोठी पायरी दिसते, इंचभराची दिसत नाही, आणि त्यावर सत्तरीतला माणूस आणि नुकतं चालायला लागलेलं मूल दोघंही पडतात. एकतर सपाट करा नाहीतर सरळ पूर्ण पायरी करून तिचा रंग वेगळा ठेवा. जिन्याच्या कठड्याच्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, मुलांचं डोकं अडकतं. आणि खालच्या खोलीचं आणि बाथरूमचं दार तीन फुटांचं घ्या, आज सगळे ठणठणीत असले तरी, व्हीलचेअरसाठी नंतर चौकट काढणं म्हणजे पुन्हा टाइल्सपासून सुरुवात.

काम चालू असताना घरातच राहायचं का, हे सगळेच विचारतात. राहता येतं, आम्ही राहिलो, पण एक बाथरूम आणि एक खोली शेवटपर्यंत हात न लावता ठेवायची हे आधीच ठरवून घ्या आणि मधली वाट जाड प्लॅस्टिकने पूर्ण बंद करा. जुना रंग असेल तर कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, ओलं करूनच घासायचं. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. हातोडी, ड्रिल काही नाही, त्यातल्या माहितगार माणसांकडूनच अख्खे उतरवून घ्या, आणि त्या दिवशी मुलं घरात नकोत.

पैशाचं एवढंच सांगते की जुन्या घरात भिंत उघडल्यावर काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे बजेटचा एक भाग कशालाही न जोडता बाजूला ठेवा आणि जादा काम निघालं की आधी कागदावर दर, मग काम. तोंडी "बघू नंतर" नको.

आणि प्लास्टर चढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप, वायर, सळया सगळं दिसेल असा, बाजूला टेप धरून, म्हणजे उद्या खिळा ठोकायचा झाला तर पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते कळेल. आमचे फोटो मी खोलीच्या नावाने फोल्डर करून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकलेत. सासरे अजूनही त्या सांध्याच्या पट्टीकडे बघून नाराज होतात. ती कपाटामागे लपेल का म्हणून परवा विचारत होते, तर मॅडम म्हणाल्या लपवा, पण कपाट पट्टीच्या एकाच बाजूच्या भिंतीला फिक्स करा.