साकोलीकडे तलावात पॅडलबोर्ड: येणार असाल तं आधी हे वाचा

स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्ह्यानं चालवायची लांब फळी, म्हटलं की लोकांना गोवा नाहीतर तारकर्लीच आठवते, अन् मग विदर्भातले लोक म्हणतात आपल्याकडं कुठं समुद्र हाय. अरे पण समुद्र लागतोच कोणाले? भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले) तलाव गावोगावी पडले हायेत, पावसाळा गेल्यावर भरलेले असतात, पाण्याला ओढ नाही, लाट नाही. शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसली नाही. पुण्याच्या दोस्ताकडून बोर्ड मागून आणला, भाच्याला सोबत घेतलं अन् धान कापणी संपत आली होती तेव्हा साकोली तालुक्यात जाऊन आलो. नागपूरहून हायवेनं शंभरेक किलोमीटर, रस्ता मस्त.

बोर्ड हवेचा होता, गुंडाळला की पाठीवरच्या बॅगेत मावते, पंप धरून वजन बऱ्यापैकी होते पण एसटीतही नेता येईल. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. नवीन माणसानं याच्याच आसपासचा घ्यावा, अरुंद बोर्ड दिसायला भारी पण उभंच राहता येत नाही. प्रेशर साधारण १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, नेमकं किती ते वाल्वजवळ छापलेलं असते. सुरुवातीला पंप सहज चालते, अन् ८-९ च्या पुढं गेलं की अंगाचा घाम निघते, भर थंडीत स्वेटर काढावं लागलं. त्या वाल्वमधे एक छोटी पिन असते, दाबून फिरवली की खाली-वर होते. पंप मारताना ती वर आलेली पाहिजे, खाली राहिली तं नळी काढल्याबरोबर सगळी मेहनत फुस्सकन बाहेर. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर आणू नका, त्याचं तोंडच बसत नाही.

काठावर मासे धरणारे एक ढीवर काकाजी जाळं सोडवत बसले होते. आमचं चाललेलं पाहून म्हणे, "बाबू, हे डोंगा व्हय का गादी?" मी म्हटलं गादीच समजा काकाजी, पण उभ्यानं चालवायची. ते हसले अन् मग स्वतःच सगळा तलाव समजावून सांगितला. तिकडच्या कोपऱ्यात शिंगाडा लावला हाय तिकडं जाऊ नको, तुडुमाजवळ जाऊ नको, जाळ्याचे बोये दिसतीन तं लांबून वळव, अन् "दहा वाजता वारा सुटते, त्याच्या आत बाहेर ये." तुडूम म्हणजे पाळीतून (तलावाच्या मातीच्या बांधातून) शेताला पाणी सोडायची जागा, सोडलेलं असलं तं तिथं आत ओढते, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. बहुतेक तलावांत मासेमारी सहकारी संस्थेकडं असते, म्हणून आधी ढीवर लोकायले विचारा, मग ग्रामपंचायतीत सांगा, अन् मगच बॅग उघडा. न विचारता शिरलात अन् कोणाचं जाळं फाटलं तं तुमच्या मागून येणाऱ्यालाही कोणी उतरू देणार नाही.

आता उभं राहायचं कसं. गुडघाभर पाण्यात बोर्ड आणा, खालचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, मातीत रुतला नाही पाहिजे. बोर्डाच्या मधात हँडल असते, त्याच्या दोन्ही बाजूला गुडघे टेकून बसा अन् आधी तसंच थोडं वल्हवा. मग एकेक पाय गुडघ्याच्या जागी आणा, पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे जरा ढिले, अन् नजर समोरच्या पाळीवर. खाली पायाकडं पाहिलं की गेलेच समजा. भाचा खाली पाहे अन् दर वेळी धप्पकन पाण्यात. पडायचं असंल तं बोर्डापासून लांब अन् आडवं पडा, पाय खाली सोडून उडी मारू नका, तळाला गाळ असते, पाय रुतते. परत चढताना हँडल पकडून पाय मागं हलवत पोटावर सरकायचं, उभ्यानं चढायला जाल तं बोर्ड उलटंल.

पॅडल म्हणजे वल्हं डोक्याच्या वर वीतभर, म्हणजे ८-१० इंच लांब ठेवा. पातं थोडं वाकलेलं असते, तो वाक पुढच्या बाजूला गेला पाहिजे, नवीन माणसं हमखास उलटं धरतात कारण उलटंच बरोबर वाटते. अन् नुसत्या हातानं ओढू नका, कंबर फिरवा, नाहीतर संध्याकाळी जेवायला हात उचलत नाही.

लाइफ जॅकेट घालाच, पोहता येत असलं तरी. लीश म्हणजे पायाला बोर्ड बांधायची दोरी, थांबलेल्या पाण्यात घोट्याला बांधली तं चालते, बोर्ड वाऱ्यानं पळून गेला तं तुम्ही तलावाच्या मधात एकटेच राहाल. पण वाहत्या नदीत घोट्याला बांधायची नाही! दोरी झाडाच्या खोडात अडकली की प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून धरते अन् घोट्यापर्यंत हात पोचत नाही. नदीसाठी कमरेला बांधायचा झटक्यात सुटणारा लीश वेगळा मिळते.

दुसऱ्या दिवशी अंभोऱ्याला गेलो, तिथं वैनगंगा-कन्हानचा संगम हाय अन् गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर पसरलं हाय, केबलचा मोठा पूल पण झाला. जागा देखणी, पण नवीन माणसासाठी माझ्या मते नाही. पाणी रुंद, वाऱ्याला अडवायला काहीच नाही, मोटरबोटीच्या लाटा येतात, अन् बुडितातली जुनी झाडं पाण्याखाली उभी असतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की फिन त्यांना आदळते. वर नागनदीचं नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे इकडंच येते, जलपर्णी दिसंल तिथं तं तोंड पाण्यात जाईल असं काही करू नका. पावसाळ्यात अन् धरणाचे गेट उघडायच्या काळात नदीचं नावच काढू नका.

कालव्याचं पण लोक विचारतात, सरळ पाणी, दोन्हीकडं रस्ता, भारी वाटते. नका जाऊ. सिमेंटचा उतार शेवाळानं इतका निसरडा असते की पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही, पुढं सायफन (पाणी जमिनीखालून नेणारी नळी) नाहीतर गेट असते, अन् पाणी कधी वाढवतील ते आपल्याला कोण सांगणार. विलायतेत कालव्यात पॅडलबोर्ड चालवतात खरं, पण ते कालवे नाव चालवायला बांधलेले, पाणी जवळपास थांबलेलं. आपले धानाला पाणी द्यायला बांधलेले.

नवेगावबांध, ताडोबा असले तलाव डोक्यातून काढून टाका, ते व्याघ्र प्रकल्पाच्या भागातले, अन् ताडोबाच्या तलावात मगरी हायेत. हिवाळ्यात गावतलावांवर बाहेरचे पक्षी येतात, त्यांच्या थव्यात बोर्ड घुसवू नका.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धुकं असंल तं उठायची वाट पाहा. मार्चनंतर सकाळचे दोन तास जमतील कसेतरी, पण फुगवलेला बोर्ड काठावर उन्हात टाकून चहाला जाऊ नका, आतली हवा तापून प्रेशर चढते अन् शिवण सुटू शकते. आपल्याकडच्या उन्हात तं नक्कीच. सावलीत ठेवा नाहीतर थोडी हवा सोडा.

तलावावर हात बसला की मग कोकणात जा, पण तिथलं गणित वेगळं. इथं वारा लागला तं फार तं फार दुसऱ्या काठाला लागाल अन् पाळीवरून चालत याल, समुद्रावर जमिनीकडून वाहणारा वारा सरळ आत नेते, अन् काठाजवळ पाणी शांत दिसते म्हणून ते कळत पण नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ जबर असते. म्हणून पहिल्यांदा खाडीत आतल्या बाजूला, भरतीच्या वेळी अन् तिथल्या माणसासोबतच. इथं असो का तिथं, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदतीला. वारा जास्तच झाला तं लाज न बाळगता गुडघ्यावर बसा नाहीतर पालथं पडून हातानं वल्हवा.

एका तलावातून दुसऱ्यात जायच्या आधी फिन काढून बोर्ड पुसा, जलपर्णीचा एक तुकडा पण पुढच्या गावाच्या ढिवरांना डोकेदुखी देते. अन् घडी करायच्या आधी पूर्ण वाळवा, ओला गुंडाळला तं बॅग उघडल्यावर जो वास येते तो दोस्ताला परत देताना लपत नाही.